टिकलीच्या खाली बोटभर

एप्रिलमधल्या एका शनिवारी विशाखा रिक्षातून उतरली, तेव्हा तिच्या हातातल्या फुगलेल्या पिशवीत सात जिवंत मासे होते. उस्मानपुऱ्यातल्या त्या गल्लीत आजवर मासे आले ते कालवणासाठीच. ओट्यावरच्या बायांनी साहजिकच विचारलं, काय किलो आणले? विशाखा हसली, म्हणाली, खायचे नाहीत, बघायचे आहेत, आणि पिशवी छातीशी धरून जिना चढली. बायांनी एकमेकींकडं बघितलं. नळ आठव्या दिवशी येतो, प्यायच्या पाण्याची मारामार, आणि हिला मासे पोहायला पाणी पाहिजे म्हणं!

पण ते मासे विशाखाचे नव्हतेच. ते तिच्या सासऱ्यांचे होते, आणि सासरे जाऊन तीन महिने झाले होते.

सासऱ्यांचं नाव सांडू. आधीची दोन लेकरं दगावली म्हणून आईबापानं ह्याचं नाव सांडू ठेवलं आणि पाठच्या बहिणीचं कडूबाई, म्हणजे नजर लागायला नको. नाव सांडू, पण माणसानं जन्मात पाण्याचा थेंब सांडला नाही. चौतीस वर्षं पाण्याचे लाईनमन. छातीइतकी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचे, रस्त्यातलं झाकण उचलायचे, चावी फिरवायचे, की गल्लीत पाणी. कुणाच्या दारात हंडा रिकामा राहिला तर जेवण गोड लागायचं नाही त्यांना. म्हणायचे, एका घोटासाठी आपल्या माणसांनी महाडात डोकी फोडून घेतली, पाण्याला कुणाला नाय म्हणायचं नसतं. नोकरी संपली तेव्हा बाद झालेली जुनी चावी घरी घेऊन आले, ती तेव्हापासून दाराआड उभी होती.

विशाखा त्यांना मामा म्हणायची. तिचा बाप लहानपणीच गेलेला, त्यामुळं बाप म्हणून तिनं बघितले ते मामाच. निवृत्त झाल्यावर मामांनी एकच हौस धरली. तीन फुटांची काचेची टाकी आणली, खाली लोखंडी स्टँड करून घेतला आणि वहीत मासे लिहायला लागले. कुणाकडं नसतील असे मासे. विशाखानं विचारलं, एवढं काय खूळ घेतलं डोक्यात? तर म्हणाले, "पोरी, मी आयुष्यभर पाणी पळतानाच बघितलं. आता जरा बसलेलं बघू दे की."

टाकी कोरडीच राहिली. जानेवारीत त्यांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, तोंडानं पाण्याचा थेंब द्यायचा नाही. विशाखा उशाशी बसून कापसाच्या ओल्या बोळ्यानं त्यांचे ओठ पुसायची. मामांनी कधी कुणाकडं काही मागितलं नव्हतं, त्या दिवशी तिचा हात धरून मागितलं. "गिलासभर दे गं पोरी." ती म्हणाली, "उद्या देते, मामा." दुसऱ्या दिवशी दुपारी बरोबर बाराच्या ठोक्याला मामा गेले. डॉक्टरांचं बरोबर होतं, हे तिला कळत होतं. पण जिवाला कोण सांगणार?

म्हणून तिनं टाकी लावायला घेतली. मामांच्या वहीत होतं तसंच, एक पाऊल इकडं नाही की तिकडं नाही. काळी वाळू पाणी नितळ दिसेपर्यंत धुतली आणि ते धुवण जास्वंदीला घातलं. कडूबाईआत्यांनी खुलताबादहून एक वाकडंतिकडं मूळ आणून दिलं होतं, ते पंधरा दिवस भिजत ठेवलं. मग वाळू, मूळ, झाडं, पाणी गाळायचं फिल्टर. आणि माशांशिवाय तीन आठवडे नुसतं पाणी फिरत ठेवलं, कारण वहीत तसं लिहिलं होतं. अभय, तिचा नवरा, शेंद्र्याच्या कंपनीतून यायचा आणि विचारायचा, आज काय लागलंय टीव्हीवर? पाणी? पण मामांची लोखंडी घडीची खुर्ची टाकीसमोर त्यानंच आणून मांडली. मांडली आणि तोंड वळवून आत गेला.

आता एक गोष्ट नीट ऐकून ठेवा. माशाला शिळं पाणी लागतं. नळाच्या पाण्यात ब्लिचिंगचं औषध असतं, ते माणसाला चालतं, माशाच्या कल्ल्यांना जाळतं. दोन-तीन दिवस उघड्या ड्रममध्ये ठेवलं की औषध उडून जातं. आणि आपल्याकडं तर उलटं. नळ आला रे आला की बाया आधी शिळं पाणी ओतून देतात आणि भांडी घासून ताजं भरतात. म्हणून विशाखानं मोरीतल्या निळ्या ड्रमवर चिठ्ठीच डकवली होती, हे पाणी माशांचं आहे.

मासे दुकानदार राजकुमारनं मागवून दिले होते. सहा काचमासे. अंगात रंग म्हणून नाही, आरपार काटे दिसतात आणि काट्यांच्या पलीकडची भिंतसुद्धा. सातवा बोटाएवढा, मिशांचा, पोट वर करून पोहणारा. पहिल्यांदा बघून विशाखा म्हणाली, अहो, हा तर मेलाय. राजकुमार म्हणाला, "मरा नै ताई वो. उल्टाच रैता. सीधा हुआ तो समझना, गया." मामांच्या वहीत ह्या उलट्याच्या नावाखाली दोन रेघा मारलेल्या होत्या.

घरी तिनं पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवली, मग हळूहळू मासे सोडले. सहाही काचमासे फिल्टरच्या धारेकडं तोंड करून एका ओळीत उभे राहिले, नळावर नंबर लावल्यासारखे. विशाखाला हसू आलं आणि रडूही आलं. मामा असते तर खुर्ची सोडून उठले नसते.

सगळे तिन्हीसांजेला भितात, भर दुपारला कुणी भीत नाही. उन्हाळ्यातली बाराची वेळ बघा एकदा. गल्लीत चिटपाखरू नसतं, पत्रे तापून कडकड वाजतात आणि सावली पायाखाली येऊन बसते. विशाखा बालवाडीत शिकवायची, ती सुटली की साडेअकराला घरी यायची. सोमवारी ती भाजी निवडत टाकीशेजारी बसली होती. बारा वाजले आणि सहाही काचमासे एकदम वळले. धार सोडली आणि काचेशी आले. तोंडं खुर्चीकडं. ना हालचाल, ना काही... नुसते बघत राहिले. खुर्ची रिकामी होती. चार-पाच मिनिटांनी ते परत धारेकडं वळले.

अभयला सांगितलं तर तो म्हणाला, उन्हाची तिरीप पडली असेल. आपल्यात भूतबीत नसतं, बावीस प्रतिज्ञा वडिलांनीच पाठ करून घेतल्यात आपल्याकडून. विशाखालाही ते पटत होतं. पण मंगळवारी तिच्या लक्षात आलं, टाकीतलं पाणी उतरलंय. तिनं कपाळाची टिकली काढली आणि पाण्याच्या रेषेवर काचेला बाहेरून चिकटवली. बुधवारी बारापर्यंत पाणी टिकलीला लागून होतं. बारानंतर मासे धारेकडं वळले तेव्हा ते टिकलीच्या खाली बोटभर होतं. उन्हानं आटतं ते दिवसभर थोडं थोडं आटतं, असं घोट घेतल्यागत उतरत नाही. फरशी कोरडी होती, स्टँड कोरडा होता. आणि बंद खोलीत ओल्या गंजाचा वास येत होता, मामा कामावरून आल्यावर त्यांच्या सदऱ्याला यायचा तसा.

ती घाबरली, खोटं कशाला सांगायचं. रोज उठून निळ्या ड्रममधलं पाणी टाकीत घालायची, टिकलीपर्यंत. रोज बारानंतर बोटभर कमी. पण त्या भीतीतही तिच्या मनात एकच येई, किती दिवसांची तहान असेल ही...

पुढच्या आठवड्यात पाण्याच्या दिवशी कडूबाईआत्या मुक्कामाला होत्या. विशाखा बालवाडीत गेली आणि नळ आला. आत्यांना वाचता येत नव्हतं आणि हाताला काम नसलं की चैन पडत नव्हतं. सूनबाई बिचारी दमते म्हणून त्यांनी सगळं शिळं पाणी ओतून दिलं, निळा ड्रम राखेनं घासून उपडा घातला. टाकीही त्यांनी निम्मी उपसली आणि ताज्या पाण्यानं काठोकाठ भरली. मायेनंच केलं हो सगळं.

विशाखानं दार उघडलं तोच ब्लिचिंगचा वास नाकात शिरला. काचमासे वर येऊन तोंड उघडत होते, पाण्यातल्या पाण्यात गुदमरत होते. आणि उलटा तळाशी होता. सरळ. पाठ वर, पोट खाली, चारचौघा माशांसारखा.

तिनं लगेच राजकुमारला फोन केला. तो म्हणाला, ब्लिचिंग मारायचे थेंब आहेत माझ्याकडं, पण मी बाहेर आहे, यायला तास लागेल. "उतना नै टिकते ताई. पुराना पानी डालो जल्दी." पुराना पानी कुठलं? गल्लीतल्या सगळ्यांनी सकाळीच आपापलं ओतून टाकलं होतं. तरी तिनं दोन घरं पालथी घातली, मग परत येऊन टाकीसमोर मटकन बसली. मामांना एक गिलास देता आला नाही, आणि आता त्यांचे मासेही डोळ्यादेखत चालले. आत्या दारात उभ्या राहून पदरानं डोळे पुसत होत्या.

बारा वाजले. विशाखा रिकाम्या खुर्चीकडं बघून म्हणाली, "मामा... घरात पाणी नाय."

दाराआड लोखंड फरशीवर घासल्याचा आवाज झाला. एकदाच. मग रस्त्यावर कुठंतरी झाकण सरकलं. मग बराच वेळ काही नाही... आणि मोरीतला नळ, जो नऊ वाजताच गेला होता, तो खोकला. आधी हवा सुसाटली, मागून धार आली. विशाखानं ओंजळीत पाणी घेतलं. थंडगार होतं, मे महिना तोंडावर आलेला असताना. वास कसलाच नव्हता. ब्लिचिंगचा मागमूस नव्हता.

दोघींनी बादल्या मारल्या. टाकीतलं उपसायचं, हे घालायचं. सातव्या का आठव्या बादलीला नळ आपोआप बंद झाला, तेव्हा पाणी टिकलीला टेकलं होतं. काचमासे खाली उतरले, धारेला लागले. उलट्यानं एक गिरकी घेतली, हळूच पोट वर केलं आणि मुळाखाली जाऊन लटकला. आत्या म्हणाल्या, जगलं बघ येडं. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

खाली चौकशी केली. गल्लीत दुसऱ्या कुणाच्याच नळाला पाणी आलं नव्हतं. वर येऊन विशाखानं दार पुढं ओढलं. चावी भिंतीला टेकून तिच्या जागी उभी होती. खालचं टोक ओल्या चिखलानं माखलेलं होतं आणि फरशीवर थेंब थेंब गळत होतं.

दुसऱ्या दिवशी बाराला दहा कमी असताना विशाखानं मामांचा पितळी पेला घासला, काठोकाठ भरला आणि खुर्चीजवळच्या स्टुलावर ठेवला. आत्यांनी तिचा हात धरला. म्हणाल्या, अगं, मेलेल्याला पाणी घालणं आपण सोडलंय, माझ्या भावानंच मला शपथ घातली होती.

"हे श्राद्ध नाय, आत्या," विशाखा म्हणाली. "तहानलेल्याला पाण्याला नाय म्हणायचं नसतं, हे पण त्यांनीच सांगितलंय."

बारा वाजले. काचमासे वळले. विशाखा खुर्चीकडं बघत नव्हती, तिचा धीर झाला नाही. ती माशांकडं बघून बोलली, "मामा, उद्या देते म्हणलं होतं. घ्या." मागं खुर्चीची बिजागरी करकरली. मग घोटाचा आवाज आला, सावकाश, मोठमोठे घोट, मधे थांबून घेतलेला एक दम... मासे धारेकडं वळले तेव्हा पेला रिकामा होता आणि पाणी टिकलीला लागून होतं. विशाखाच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्या रात्री ती जानेवारीनंतर पहिल्यांदा गाढ झोपली.

तेव्हापासून टाकीतलं पाणी उतरलेलं नाही. खुर्चीही करकरत नाही. आत्या खुलताबादला गेल्या, अभयनं चावी पुसून परत दाराआड ठेवली. सगळं छान चाललंय म्हणायचं.

फक्त एकच आहे. विशाखानं पेला धुऊन मांडणीवर पालथा ठेवला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा स्टुलावर होता, काठोकाठ भरलेला, थंडगार, बिनवासाचा. आणि स्टूल खुर्चीजवळ नव्हतं, ती भाजी निवडायला बसते तिथं सरकलेलं होतं. रोज असंच होतं. मामांचा जीव होता तिच्यावर, त्यांनीच भरून ठेवला असणार, हे तिला कळतं. ती पेल्याला हात जोडते आणि पाणी जास्वंदीला घालते. एक घोटही तिनं अजून घेतलेला नाही.

पण हल्ली बाराच्या सुमाराला तिला तहान लागते. माठातलं कितीही प्यायलं तरी भागत नाही. आणि त्या वेळी सहाही काचमासे धार सोडून काचेशी येतात, एका ओळीत, न हलता. खुर्चीकडं नाही. तिच्याकडं बघत.