उजवा कान

सरका जवळ. हे लालमोहरनं मला स्वतः सांगितलंय. तिसरीतून शाळा सोडलेला, वीटभट्टीवरचा गडी तो. गोष्टी रचायची अक्कल त्याला नाही. जन्मात एकदाच खोटं बोलला, त्याचीच ही हकिकत.

गेल्या अगहन महिन्यातली, थंडीतली अमावास्या, मंगळवार. लालमोहर थोरल्या भावाला, रामबृक्षला, बिहारातल्या भभुआहून भाड्याच्या बोलेरोतून काशीला मरायला आणत होता. आईबापामागं रामबृक्षनंच त्याला वाढवलेलं. लालमोहरला तो लल्लन म्हणायचा. मागणं एकच होतं त्याचं : ‘‘लल्लन, गंगेपलीकडं, काशीत नेऊन सोड मला. परत जन्म नको बाबा.’’

रात्री साडेअकराला गंगेवरच्या पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी गाड्या तुंबल्या. ड्रायव्हर हसला, ‘‘भैयाला म्हणावं, जरा दम धर. अलीकडं मेलास तर गाढवाचा जन्म!’’

‘‘तुझ्या बापाला मिळू दे गाढवाचा!’’ लालमोहर भडकला. पुढं एका ट्रकवाल्यानं ट्रक आडवा घातला होता. त्याच्याशी भांडायला हा उतरायला लागला. रामबृक्षनं त्याची बाही धरली. त्यानं ती झटकली.

दहा मिनिटांनी ओठ फोडून घेऊन, पण जिंकून परत आला. ट्रक हलला होता. रामबृक्षचा जबडा उघडा पडला होता. श्वास नव्हता.

लालमोहरनं मफलरनं जबडा बांधला. ‘‘झोपलाय. चल,’’ म्हणाला.

काशीतल्या अस्सी घाटाच्या मागं, मरायला आलेल्यांना ठेवून घेणारी एक धर्मशाळा आहे. तिथल्या शुकदेव महाराजांनी रामबृक्षच्या कपाळाला हात लावला.

‘‘गार पडलाय रे हा.’’

‘‘थंडी आहे, महाराज. आत्ताच पाणी मागितलं त्यानं.’’

‘‘बरं. डाव्या कुशीवर निजव. उजवा कान मोकळा ठेव. जीव जाताना महादेव त्या कानात मंत्र सांगतो, तेव्हा सुटका. मढ्याला नाही सांगत, बरं का!’’

‘‘जिवंत आहे तो!’’ लालमोहर ओरडला.

खोलीत आणखी दोन म्हाताऱ्या घरघरत होत्या. लालमोहर भावाच्या पायाशी बसला. पावणेतीनला कुणीतरी आत आलं. दार वाजलं नाही. पहिल्या खाटेशी थांबलं... वाकलं. कुजबुज. घरघर थांबली.

दुसरी खाट. तीही थांबली.

मग इकडं.

भावाच्या कानाशी काहीतरी वाकलं. किती वेळ... एक अक्षर नाही.

‘‘सांग ना,’’ लालमोहर रडायला लागला. ‘‘अरे, त्यालाही सांग. माझ्या वाटणीचं सांग...’’

काही नाही. पावलं निघून गेली.

आणि अंधारात, त्या बांधलेल्या तोंडातून...

‘‘लल्लन... उतरलास कशाला रे?’’

सकाळी दोन्ही म्हाताऱ्यांचे चेहरे पोरींसारखे झाले होते. रामबृक्षच्या उजव्या कानात काठोकाठ वाळू होती. पांढरी, ओली, गंगेच्या ज्या काठाला ट्रक अडला होता, तिथं असते तसली. गाडी पुलावरून आली होती. त्या वाळूला कुणाचा पाय लागला नव्हता.

लालमोहर बोटानं वाळू उकरत राहिला. चितेवर ठेवेपर्यंत उकरत होता.

संपली नाही.