तीनदा गोड पाण्यानं

"मुज्तबानंच केलं. लॅबच्या चाव्या त्याच्याकडंच होत्या," संशोधक विद्यार्थिनी जेबा म्हणाली आणि तिनं तक्रारअर्ज टेबलावर ठेवला.

शिवगंगाबाईंचा लातुरातला खासगी तपासाचा धंदा कोचिंगवाल्यांच्या कृपेनं चालायचा. पोरगं क्लासला जातं की पिक्चरला, एवढंच आईबापांना कळायला हवं असे. यीस्टच्या खुनाचा तपास पहिलाच, म्हणून बाई मोठ्या हौसेनं नांदेडच्या या लॅबमध्ये आल्या होत्या. सोबत मदतनीस व्यंकट. माणूस सोन्यासारखा, पण ट्यूबलाइट जरा उशिरा पेटायची.

"नेमकं झालं काय?"

"यीस्टच्या पेशींना क्षणभर विजेचा झटका देतात. त्यांना बारीक छिद्रं पडतात, त्यातून बाहेरचा डीएनए आत शिरतो. काल मी झटका दिला अन् फट्‌! तिन्ही नळ्यांत ठिणगी, सगळ्या पेशी मेल्या. मुज्तबाच्या नळ्या त्याच यंत्रातून सुखरूप निघाल्या. मीठ असलं की अशी ठिणगी उडते. कुणीतरी ते घातलंय."

"पेशी कुणी धुतल्या?"

"लॅबमधल्या मावशींनी, सरजाबाईंनी. परवा मी कंधारला तापानं पडले होते, फोनवर सांगितलं. दहा वर्षं झाली त्यांना इथं. हात माझ्याहून साफ."

पाच वाजता लॅबचे प्रमुख सर येणार होते. अर्ज त्यांच्या हाती पडला की मुज्तबाचं लॅबमधलं नाव कटणार होतं.

मुज्तबा शेजारच्या खोलीत बसला होता. "पाच वर्षं एका डब्यात जेवलो. मी असं करीन, असं खरंच वाटून राहिलं तिला?"

"पेशी धुवायचं पाणी कुठंय?"

त्यानं जेबाची बाटली दाखवली. "सॉर्बिटॉल. साखरेचा भाऊच. तिनंच बनवलं मागच्या आठवड्यात. माझी बाटली वेगळी." तोंडावरची चिकटपट्टी जशीच्या तशी होती.

तेवढ्यात सरजाबाई पाण्याचे पेले घेऊन आल्या. भूकंपात घर गेलं तेव्हा पोटासाठी नांदेडला आलेली ही बाई. "प्या, गोडं हाय. आमच्या गल्लीतलं बोअरचं लई खारट. हे भावाच्या विहिरीचं."

व्यंकटनं मोठा घोट घेतला. "साखर टाकायची राहिली वाटतं."

"परवा पेशी कशा धुतल्या?" शिवगंगाबाईंनी विचारलं.

"ताईनं सांगितल्यागत. बर्फात ठिवून तीनदा. नळाला हात न्हाई लावला. ताईच्या कामात कसूर कशी करीन?"

बाईंनी सगळ्यांना एकत्र बसवलं.

"मीठ घालायला बाटली उघडावी लागली असती. ती उघडलेलीच नाही. म्हणजे कुणी बिघडवली नाही, आणि कुणी वापरलीही नाही. जेबा, फोनवर काय म्हणालीस?"

"नेहमीचंच. 'गोड पाण्यानं तीनदा धुवा.' सॉर्बिटॉलला आम्ही तेच म्हणतो. एरवी बाटली मीच हातात द्यायची..."

"तुझं गोड म्हणजे साखरेचं. यांचं गोड म्हणजे खारट नसलेलं. विहिरीचं पाणी जिभेला गोडच, पण क्षार त्यात असतात आणि विजेला तेवढे पुरतात. चांगलं म्हणून घरचं पाणी आणलं त्यांनी."

"हात्तिच्या! म्हणून साखर नव्हती होय!" व्यंकट म्हणाला.

"अगं माय, म्या बुडिवलं की तुला!" सरजाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"न्हाई मावशी, शब्द माझा होता." जेबानं त्यांना मिठी मारली. मग ती मुज्तबासमोर जाऊन उभी राहिली.

त्यानं अर्ज उचलून शांतपणे वाचला. "नावातला ज अर्धा असतो, येडे. पाच वर्षांत एवढंबी शिकली नाहीस."

जेबा रडता रडता हसली. सर दारात आले तेव्हा दोघं खाली बसून फाडलेल्या अर्जाचे तुकडे वेचत होती.