शनिवारचं घर

लोणारचं सरोवर पाहायला आलेले लोक आधी खाली उतरतात, देवळं बघतात, वानरांना हाकलतात, आणि वर चढून आले की माझ्या खाणावळीत येऊन टेकतात. उतरताना कोणाला भूक आठवत नाही. चढताना आठवते. ज्वारीची भाकर, झुणका, वांग्याचा रस्सा, ठेचा, वरण-भात, एवढंच मी करते. मागाल ते मिळणार नाही, पण जे आहे ते पोटभर मिळेल. माझ्या इथून कोणी अर्धपोटी उठलेलं मी खपवून घेत नाही. नाव रुखमाबाई, शाळा म्हणाल तर चौथी. अक्षर जुळवत जुळवत वाचते. पण उपाशी माणूस मला उंबऱ्यावरच कळतो.

म्हणून सून उपाशी राहायला लागली तेव्हा काळजीच्या आधी मला राग आला.

अश्विनी देऊळगाव राजाची. माझा गजेंद्र एसटीत वाहक, सकाळचा गेलेला दिवेलागणीला येतो. ही घरी बसून मोबाईलवर गोष्ट लिहिते. आठवड्याला एक भाग टाकते, कुठले कुठले लोक वाचतात. दुपारची गर्दी सरली की मी मागच्या पडवीत भाजी निवडायला बसायची आणि ती मला नवा भाग वाचून दाखवायची. सरोवराच्या तळाशी एक नगर आहे, तिथं उजेड देणारी झाडं आहेत, एक पोरगी हरवलेल्या भावाला शोधत तिथं उतरते. असलं काही मला पटत नाही. तरी मेथीची जुडी संपली तरी मी उठायची नाही.

“त्या नगरात सैपाक कोण करते वं?” मी विचारायची.

“आई, तिथं कोणाले भूकच लागत नाही.”

“मंग कायचं नगर ते,” मी म्हणायची, आणि ती हसायची.

मग एका भागात पायरीवरचा म्हातारा आला. नगराच्या दाराशी, शेवटच्या पायरीवर बसलेला. डोक्याला रुमाल, मांडीवर लिहायची फळी. आत जाणाऱ्याला वाट सांगायची, एवढंच त्याचं काम. त्याचं नाव तिनं ठेवलं नारोपंत खेर्डेकर. हे नाव खरं होतं. फार मागं, इंग्रजांच्या राज्यात, या नावाचा माणूस लोणारात राहायचा आणि नवलाच्या गोष्टी लिहायचा. वाचनालयात त्याचा एक धुरकट फोटो आहे, खाली नाव. पुस्तक म्हणून एक पान उरलेलं नाही.

“खऱ्या माणसाले काऊन घेतलं गोष्टीत?”

“मोकळाच बसला होता ना, आई. कोणालेच आठवत नाही तो. म्हटलं, द्यावं थोडंसं काम.”

काम थोडंसंच होतं, पण वाचणाऱ्यांना तोच आवडला. पोरगी आणि तिचा भाऊ राहिले बाजूला, जो तो विचारायचा, म्हातारा पुढं काय बोलला. अश्विनी खूश. आणि त्याच दिवसांत तिचं ताट भरलेलं परत यायला लागलं.

आधी म्हणाली, जळजळ होते. मग म्हणाली, वासच येत नाही कशाचा. मी भरीत केलं, शेंगदाण्याची चटणी केली, तिच्या माहेरी करतात तशी गोड कढीसुद्धा केली, जी मी मेले तरी करत नाही. ती घास उचलायची, बघायची, ठेवायची. गळ्याची हाडं वर आली. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. गजेंद्रनं रजा टाकून तिला बुलढाण्याला नेलं. रक्त तपासलं, पोटाचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे, मन रमवा. दारातून गेलेल्या प्रत्येकाला मी जेवू घालते, आणि माझ्याच घरातलं लेकरू माझ्या डोळ्यांसमोर वाळून चाललं होतं.

एका शनिवारी मी मुद्दाम तिच्यासमोर बसून राहिले. ताट वाढलं. तिनं उजव्या तळहातावर पाणी घेतलं, ताटाभोवती धार सोडत गोल फिरवलं आणि ताटाच्या उजव्या अंगाला भाताची चार शितं मांडली. मग हात मांडीवर ठेवून बसली.

माझे आजेसासरे असं करायचे. जुने बामण मास्तर करायचे. आता पुरुषही कोणी करत नाही, आणि बायकांनी तर कधीच केलं नाही.

“हे तुले कोणं शिकवलं?”

“काय?”

“हे पाणी.”

तिनं खाली पाहिलं. “सांडलं काय माझ्याकडून? पुसते.”

तिनं फडक्यानं पुसलं. फडकं ओलं झालं, फरशीवरचं कडं तसंच राहिलं. वर पंखा फिरत होता, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि चहाच्या वेळेपर्यंत ते पाणी वाळलं नाही. मी बोट लावून पाहिलं. गार होतं. बोटाला सरोवराचा वास आला, तो खारा, कुजकट.

मी घाबरणारी बाई नाही. मला फक्त जाणून घ्यायचं होतं.

पितळेची पातेली कल्हईला आली होतीच. गफ्फारभाईंना निरोप धाडला. त्यांच्या घरात कल्हईचं काम आजोबांपासून, त्यामुळं कोणाच्या चुलीवर काय शिजत होतं ते त्यांना पिढ्यांचं माहीत. अंगणात भाता लावून बसले, नवसागराचा धूर उठला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“नारोपंत?” त्यांनी पातेलं फिरवायचं थांबवलं. “नाव कुठून काढलं वहिनी तुम्ही? माझे दादा, आजोबा माझे, सांगत त्याचं.”

“काय सांगत?”

“एकटा माणूस. बायको नाही, चूल नाही. वार लावून जेवे. सोमवार या घरी, मंगळवार त्या घरी, असे सात घरं. दादा त्या सातही घरची भांडी करत, म्हणून त्यायले माहीत. जेवायच्या आधी पाणी फिरवे, मंग घरधनीणीले विचारे, आज कोणाचं घर? तिनं आपलं नाव सांगितलं की घास उचले.”

“मंग?”

“मंग काय. लेखक माणूस. ज्या घरचं खाल्लं त्या घरची बाई गोष्टीत टाकली. कोणी राक्षसाची सैपाकीण झाली, कोणी चेटकीण. लोक आधी हसले. मंग म्हणाले, ज्या बाईले यानं लिहिलं तिची भूक जाते. एकेक घर बंद झालं. शनिवारचं घर शेवटलं होतं, तेही बंद झालं. देवळाच्या पायरीवर बसे, रिकाम्या जागेभोवती पाणी फिरवे अन् वाट पाहे. तिथंच गेला.”

“अन् त्या बायका? वाचल्या काय?”

“लोकायचं काय घेऊन बसता, वहिनी,” गफ्फारभाई म्हणाले, आणि कापसाचा बोळा पातेल्यात जोरानं फिरवायला लागले. माझ्याकडं पाहिलं नाही.

मी आत गेले. अश्विनी भिंतीला टेकून मोबाईल बघत होती.

“त्या म्हाताऱ्याले जेवू घाल,” मी म्हटलं.

“कोणाले?”

“तुह्या पायरीवरच्या. लिही, त्याच्यापुढं ताट आलं अन् तो जेवला.”

तिनं मोबाईल पालथा ठेवला. मग हळूच म्हणाली, “लिहिलं, आई. तीनदा लिहिलं. तो जेवतच नाही. मी लिहिते जेवला, अन् वाचायले गेली की त्यानं ताट सरकवलेलं असते. दर वेळी एकच विचारते.”

“काय विचारते?”

“आज कोणाचं घर?”

गफ्फारभाईंचं बोलणं तिनं ऐकलं नव्हतं. भाता चालू होता, ती आतल्या खोलीत होती.

“अन् तू काय उत्तर देतेस?”

“मी काय देऊ? मले तर प्रश्नच समजत नाही.” तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. “गोष्ट बंद करते म्हटलं तर बोटं थांबत नाहीत. आई, मले खूप भूक लागली आहे. अन् जेवण दिसलं की वाटते, हे माझं नाही.”

पुढच्या शनिवारी मी खाणावळ लवकर आवरली. शेवटचं गिऱ्हाईक हात धुऊन गेलं, तसं शटर अर्धं खाली ओढलं. फरशीवर अर्धा भाग ऊन, अर्धा सावली. कोपऱ्यात पाट मांडला. पत्रावळ ठेवली, पळसाची, कारण त्याच्या काळात स्टीलचं ताट नव्हतं. भाकर, झुणका, रस्सा, वरण-भात, वर तुपाची धार. शेजारी पाण्याचा तांब्या. अश्विनी पडवीत झोपली होती.

गफ्फारभाईंनी काय सांगितलं ते मी विसरले नव्हते. पण माझं वय झालं. तिचं नाही झालं. आणि खरं सांगायचं तर आणखी एक होतं. खाणावळ माझी, आणि कोणी एक माणूस इतकी वर्षं उपाशी बसून आहे, हे ऐकून मला राहवत नव्हतं.

पाटासमोर बसले.

“नारोपंत,” मी म्हटलं, “या, बसा.”

रस्त्यावरून एक बस गेली. वानरं पत्र्यावर धावली. मग आवाज थांबले.

पत्रावळीच्या डाव्या अंगाला फरशी ओली झाली. एवढीशी. मग ती ओल सरकायला लागली. कोणी घाई न करता धार सोडावी तशी.

कडं पूर्ण झालं.

तांब्यातलं पाणी खाली गेलेलं होतं.

भाताची चार शितं बाजूला झाली.

आणि मग काहीच झालं नाही. तुपाची धार भातावर तशीच. वाफ वर चढत होती. तो वाट बघत होता. काय विचारतोय ते मला ऐकू आलं नाही, ऐकू यायची गरजही नव्हती.

“रुखमाबाईचं,” मी म्हटलं. “आज रुखमाबाईचं घर. अन् दर शनिवारी. दिलेलं घर मी बंद करत नसते. लिहायचं तर मले लिहा. त्या पोरीले सोडा.”

वाफ बसली.

अन्न जागचं हललं नाही. मी रस्सा बोटावर घेऊन चाखला. तिखट नाही, मीठ नाही. ओली माती बरी.

तेवढ्यात मागून आवाज आला. अश्विनी दारात उभी होती, केस विस्कटलेले, गालावर उशीचा वळ.

“आई, काय करून राह्यले तुम्ही? कसला भारी वास येऊन राह्यला रश्श्याचा. उरला काय?”

ती त्या दुपारी तीन भाकरी जेवली. मी थापत गेले, ती खात गेली. गजेंद्र संध्याकाळी आला तेव्हा त्यानं आधी पातेलं पाहिलं, मग बायकोकडं पाहिलं, आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. अश्विनीचे गाल भरले, बांगड्या मनगटावर आल्या. दर शनिवारी मी कोपऱ्यात पाट मांडते. गिऱ्हाईक विचारतात, हे कोणाचं? मी म्हणते, पाहुण्याचं आहे, तुम्ही तुमचं जेवा.

मागच्या आठवड्यात मी खाणावळीतच बसून मेथी निवडत होते, ती नवा भाग वाचत होती. वाचता वाचता थांबली.

“काय झालं?”

“हे मी लिहिलेलं नाही.”

“वाच तरी.”

ती वाचेना. मी मोबाईल ओढून घेतला आणि अक्षर जुळवत बसले. पायरीवर म्हातारा नव्हता. तो आत गेला, असं होतं. त्याच्या जागी एक बाई बसली होती. डोळे बारीक, पदर खोचलेला, जीभ कात्रीसारखी. आत जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, जेवून आलास काय रे. हुबेहूब मीच होते. रश्श्याला नारोपंतानं नावं ठेवली नव्हती, एवढं बरं. खाली वाचणाऱ्यांनी लिहिलं होतं, ही म्हातारी फार आवडली, हिला घालवू नका.

“हसून काय राह्यले, आई?” अश्विनीनं मोबाईल काढून घेतला. “आज सकाळपासून तुम्ही काय खाल्लं?”

मी म्हटलं, खाल्लं की. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग उठली, ताट वाढून आणलं, माझ्यापुढं ठेवलं आणि समोर बसली, जशी मी तिच्यासमोर बसायची. वांग्याचा रस्सा होता. मीच केलेला, ठसका लागेल असा. मी नाक जवळ नेलं.

“जेवा,” ती म्हणाली.

“जेवते ना. घाई कायची.”

माझे दोन्ही हात मांडीवर होते, मेथीच्या मातीनं भरलेले, कोरडे. ताटाभोवती फरशी ओली झाली होती.

मी शटरकडं पाहिलं. बाहेर चढ चढून आलेली माणसं उन्हात उभी होती, आणि कोण उपाशी आहे ते मला ओळखता येईना.