टायर पसंत करणारा

लेम्पी साराहार्यू टायर घ्यायला घरातून निघाली तेव्हा भर दुपार होती आणि बाहेर निळा अंधार पडला होता. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिकडे, पार उत्तरेला, दुपार अशीच असते. सूर्य टेकडीपलीकडून नुसता खाकरतो, वर काही येत नाही. हवा इतकी गार, की श्वास घेतला की नाकातले केस कडक व्हायचे. तरी लेम्पी शीळ घालत होती. तळ्यावरचा बर्फाचा रस्ता तिने पायाने ढकलायच्या घसरगाडीवरून पार केला, अगदी शाळकरी पोरगी असल्यागत.

तिला आनंदाच्या उकळ्या फुटायचं कारणही तसंच होतं. उभं आयुष्य तिने गावाची बस चालवली होती. इतकी बेताने, की लोक म्हणायचे, लेम्पीच्या बसमधून मध्येच उतरावं, बेरी वेचाव्यात आणि पुन्हा तीच बस पकडावी. निवृत्त झाल्यावर बाईने काय केलं? थेट जपानहून आलेली एक निळी गाडी घेतली. जुनी, पण शर्यतीच्या रक्ताची. टर्बोचं इंजिन, मागे पंख आणि स्टीअरिंग उजवीकडे. धाकटी बहीण इन्केरी तेव्हापासून डोक्याला हात लावून बसली होती.

"म्हातारचळ लागलाय तुला, लेम्पी!"

"लागू दे की. इतकी वर्षं थांबला होता बिचारा."

गाडी आली ती उन्हाळी टायरांवर, आणि तेही झिजून गुळगुळीत झालेले. बर्फ पडला आणि गाडी पडवीत अडकली. आता रविवारी तळ्यावर गावची शर्यत होती आणि लेम्पीने नाव देऊन ठेवलं होतं. इन्केरीने तिला टायरवाल्याकडे सोडायलाही नकार दिला. "तू मरायला निघालीस, त्याला मी पेट्रोल जाळू?" म्हणून ही घसरगाडी. निळी गाडी टायरवाल्या उर्होने सकाळीच ट्रेलरवर घालून नेली होती.

उर्हो पाल्टो तिच्याच वर्गातला. अस्वलासारखा माणूस, हसला की शेडचे पत्रे वाजायचे. आत दुसऱ्याची गाडी चढवलेली होती, म्हणून लेम्पीची गाडी अंगणात दिव्याखाली उभी होती. त्याने कॉफी ओतली, वेलचीचा पाव पुढे केला आणि वाद सुरू झाला.

"खिळ्यांचे घे," उर्हो म्हणाला. "अरुंद आणि खिळ्यांचे. ताज्या बर्फातून खालपर्यंत चावतात."

"अरुंद? या गाडीला? पहिलवानाला बाळाची टोपी घालतोस का? आणि तुझे ते खिळे रस्त्यावर करकरतात. मला माझ्या टर्बोचं गाणं ऐकायचंय."

"गाणं ऐकत ऐकत झाडावर जाशील."

"बिनखिळ्यांचे, रुंद. ते कोपऱ्यातले. किती देखणे आहेत बघ!"

बराच वेळ चाललं. शेवटी उर्होने हात टेकले. तो रुंद टायर गडगडवत बाहेर गेला, चाकाशी धरून बघायला. लेम्पीने पावाचा दुसरा तुकडा उचलला. थोड्या वेळाने दार उघडलं, गार हवेचा लोट आत आला आणि पाठोपाठ उर्हो.

"अगं, तुझ्या पाहुण्याला आत बोलाव ना. बाहेर गोठेल तो."

"कोण पाहुणा?"

"गाडीत बसलाय तो. मी टायर चाकाशी धरला, तर त्याने मान हलवली. नाही म्हणतोय तो."

"उर्हो, मी एकटी आलेय. घसरगाडीवरून."

उर्हो हसला नाही. तेवढ्यानेच ती दचकली. हा माणूस स्वतःच्या बापाच्या अंत्यविधीलाही दोनदा हसला होता.

"ड्रायव्हरच्या जागी बसलाय," तो हळूच म्हणाला.

"ड्रायव्हरची जागा उजवीकडे आहे त्या गाडीत."

"...मग डावीकडे बसलाय."

दोघं बाहेर आली. अंगणात एवढी शांतता होती, की दिव्याची गुणगुण ऐकू येत होती. गाडीच्या काचांवर हिमाची नक्षी चढली होती, फक्त डावीकडच्या काचेवर नव्हती. ती आतून पुसल्यासारखी स्वच्छ होती. लेम्पीने दार उघडलं. सीट रिकामी. पण पट्टा लावलेला होता, रिकाम्या सीटला आवळून, नीट. तिने हातमोजा काढला आणि सीटवर तळवा टेकला.

सीट उबदार होती.

आणि वास. त्या थंडीत कशालाच वास नसतो. पण गाडीतून ओल्या गवतासारखा, कडसर चहासारखा वास आला, जणू कुणीतरी आत्ताच पेला खाली ठेवला असावा. दाराची कड धरून ती क्षणभर तशीच उभी राहिली.

मग तिला हसू फुटलं. आधी बारीक, मग खदखदून.

"हसतेस काय?" उर्हो घाबरून म्हणाला.

"अरे, बसमधून मी कुणाकुणाला नेलंय! झिंगलेले, रडणारे, एकदा तर मेंढा नेलाय. हा निदान गप्प तरी बसलाय." तिने वाकून रिकाम्या सीटला विचारलं, "काय हो, हे रुंद नकोत का तुम्हाला?"

काही हललं नाही. पण उर्हो उघड्या दाराच्या काचेतून बघत होता.

"नको म्हणतोय," तो पुटपुटला.

"तुला दिसतो?"

"काचेतून दिसतो. दारातून बघितलं की नाही. काळी टोपी घातलीय. मांडीवर कसलेसे कागद आहेत."

"मग तू काचेशीच थांब. टायर मी आणते."

आणि त्या दिवशी उर्हो पाल्टोच्या अंगणात टायर दाखवण्याचा कार्यक्रम झाला. लेम्पी शेडमधून एकेक टायर गडगडवत आणायची, नवऱ्या मुलीसारखा त्याला दिव्याखाली फिरवायची, नक्षी दाखवायची, बाजू दाखवायची. उर्हो काचेला नाक लावून निकाल सांगायचा. "नको... हाही नको... याच्याकडे तर बघतही नाहीये." भीती हळूहळू वितळली आणि दोघांनाही चेव चढला. लेम्पी टायरांची भरमसाठ तारीफ करायची. उर्हो मध्येच पोट धरून खाली बसायचा. शेवटी ती अगदी मागच्या रांगेतले आणायला गेली. अरुंद, खिळ्यांचे, धूळ बसलेले, तिने ढुंकूनही न पाहिलेले. तिने त्यातला एक पुढे धरला.

उर्हो काचेपासून झटकन मागे झाला.

"काय झालं?"

"तो पुढे झुकलाय," उर्हो म्हणाला. "आणि... तुला वाकून नमस्कार करतोय."

"बघ! तू सांगितलंस तर ऐकलं नाही मी, त्याने सांगितलं तर ऐकते," असं म्हणत तिनेच जॅक आणला. चारही टायर चढले. निघताना उर्होने काचेतून आत डोकावायचं टाळलं.

"खिळे नवे आहेत. थोडं अंतर हळू चालव, म्हणजे नीट बसतील."

"उर्हो, हळू चालवण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कुणी आहे का?"

तेवढा उपदेश तिने पाळला. गावातून, चर्चवरून, जंगलातल्या रस्त्याने ती सावकाश गेली. खिळे करकरत होते, आणि तो आवाज तिला आवडला. मग लाकूडवाल्यांची वळणावळणांची वाट लागली आणि तिने पायाला जरा मोकळीक दिली. गाडीने हुंकार दिला. बर्फाचा धुरळा मागे उडाला. त्याच वेळी डाव्या कानाशी कुणीतरी अगदी हळू आवाजात म्हणालं,

"मिगी."

लेम्पी दचकली. पण हात सुटले नाहीत, बसवालीचे हात होते ते. झाडांआडून वळण आलं. उजवं.

"...हिदारी."

डावं वळण.

पुढचं "मिगी" आलं तेव्हा तिने वळण दिसायच्या आधीच गाडी उजवीकडे घातली, आणि गाडी रुळावरून गेल्यासारखी गेली. लेम्पी मोठ्याने ओरडली, आनंदाने. उभ्या आयुष्यात तिला पुढचं वळण कुणी सांगितलं नव्हतं. घंटी वाजवून "थांबवा" एवढंच सांगत आले होते सगळे. मिगी, हिदारी, हिदारी, मिगी... आवाज शांत, कोरडा, शर्यतीच्या गाडीत शेजारी बसून कागदावरून वळणं वाचून दाखवणाऱ्या जोडीदारासारखा. ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि गाडीत चहाचा वास दरवळत होता.

तळं आलं. बर्फावर गाडी घालताना तिकडे सगळेच करतात तसं तिने सवयीने आपला पट्टा सोडला. बर्फ फुटला तर पटकन बाहेर पडता यायला हवं.

शेजारी खट् झालं. डावीकडचा पट्टाही सुटला.

या वेळी ती हसली नाही. काळोख दाटत होता. दोन्ही बाजूंना खुणेसाठी रोवलेल्या फांद्या सरकत होत्या. पलीकडच्या काठाकडून दोन दिवे निघालेले दिसले. इन्केरीची छोटी गाडी. उशीर झाला म्हणून न राहवून निघाली होती, शिव्या देत असणार. लेम्पीचा ऊर भरून आला. दाखवू या हिला, म्हणून तिने वेग वाढवला.

"तोमारे."

हा शब्द नवा होता. तिला वळण दिसेना.

"तोमारे!"

इतका वेळ वाचणारा आवाज आता किंचाळला होता. लेम्पीने विचार केला नाही. दोन्ही पायांचं बळ ब्रेकवर टाकलं. खिळ्यांनी बर्फ दातांत धरला, गाडी थरथरत, फरफटत गेली आणि उभी राहिली.

दिव्यांच्या उजेडात पुढे वाफ दिसत होती. वाफेखाली काळं पाणी हलत होतं, गाडीच्या नाकापासून हातभर अंतरावर. ती घसरगाडीवरून गेली तेव्हा तिथे रस्ता होता. नदीचा प्रवाह तिथूनच जातो, त्याने बर्फ खालून कधी चाटून घेतला, कुणाला ठाऊक. आणि पलीकडून ते दोन दिवे तसेच येत होते.

लेम्पीने हॉर्नवर हात दाबला तो उचललाच नाही. दुसऱ्या हाताने दिवे उघडझाप करत राहिली. "थांब गं... थांब, इन्केरी... थांब..." दिवे डळमळले, आडवे झाले आणि पाण्याच्या त्या काठावर थांबले.

दोघी आपापल्या गाडीबाहेर आल्या. मध्ये काळं पाणी.

"लेम्पी," पलीकडून इन्केरीचा आवाज आला, "ते टायर चांगले आहेत गं तुझे."

"खिळ्यांचे आहेत!" लेम्पी ओरडली, आणि मग दोघी बहिणी पाण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून वेड्यासारख्या हसल्या आणि रडल्या.

सकाळी गावकरी रस्ता बंद करायला गेले. त्यांनी परत येऊन सांगितलं ते उर्होने दोनदा विचारून घेतलं. लेम्पीच्या गाडीच्या डाव्या दाराच्या जागेपासून पावलं निघाली होती, थेट पाण्यापर्यंत. पलीकडच्या काठावर ती पुन्हा सुरू झाली होती आणि इन्केरीची गाडी जिथे थांबली होती तिथे संपली होती.

खरंच, लेम्पीच्या गाडीत त्यानंतर वास नव्हता, आवाज नव्हता. तिला चुटपुट लागली. गावातल्या हॉटेलात उतरलेल्या एका जपानी बाईला तिने तो शब्द विचारला. बाई हसली आणि तळहात उभा धरला. थांब.

रविवारी शर्यत झाली, तळ्याच्या दुसऱ्या टोकाला, भक्कम बर्फावर. लेम्पी शेवटून दुसरी आली. सबंध गाव तिच्या नावाने ओरडत होतं, आणि सगळ्यांत मोठ्याने इन्केरी. सॉसेज भाजले, गाणी झाली. उर्होने लेम्पीला खांद्यावर उचलायचा प्रयत्न केला आणि दोघंही बर्फात आडवी झाली. अशी मजा तिला वर्षानुवर्षांत आली नव्हती.

संध्याकाळी दमून ती घरी बसली होती. बहिणींची घरं एकाच आवारात, मध्ये सॉनाची लाकडी खोली, तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफेत आंघोळ करायची. इन्केरी सॉना तापवून आंघोळीला जाणार होती. फोन वाजला.

"लेम्पी... तो तुझा जपानी शब्द काय होता गं?"

"तोमारे. का?"

इन्केरी कुजबुजली.

"मी सॉनाच्या दाराशी उभी आहे. कडीवर हात आहे माझा. आणि मागून कुणीतरी... तेच म्हणतंय. सारखं."

"इन्केरी, आत कोण आहे?"

"कुणीच नाही. मीच तापवला, मीच दार लावलं..."

आणि लेम्पीला फोनमधून स्पष्ट ऐकू आलं. बंद दाराआड कुणीतरी सावकाश पळीभर पाणी घेतलं आणि तापल्या दगडांवर ओतलं... चर्रर्र.