खारवळीचं मुकं इंजिन

“अगो मथुरा, आमच्या तांबड्या कोंबडयेन लोखंडाचा अंडा घातल्यान!”

आनंदी धापा टाकत उंडीच्या झाडाखाली येऊन उभी राहिली. शिमग्याची सुट्टी नुकतीच लागली होती आणि झाडाखाली रोंबाटाची, म्हणजे शिमग्याच्या मिरवणुकीची, जोरदार तयारी चालली होती. लवू तोंडाला कोळसा फासून अस्वल होत होता. मथुरा त्याच्यासाठी काथ्याची शेपटी वळत होती. हरिश्चंद्र जामसंड्याच्या हायस्कुलात शिकत असल्यामुळे स्वतः काहीच करत नव्हता, फक्त सूचना देत होता.

“लोखंडाचं अंडं ही शास्त्रीयदृष्ट्या अशक्य गोष्ट आहे,” तो म्हणाला.

“इलो मोठो शास्त्री!” आनंदीने त्याला वेडावलं. “अंडी शोधूक मी गवताच्या उडवीत हात घातलंय, तर हाताक ह्या लागला. बघ!”

तिने बोटाने वाळूत आकृती काढली. एक सरळ रेघ, मग काटकोनात एक वळण, मग पुन्हा एक वळण.

मथुराच्या हातातली शेपटी गळून पडली. “आनंदी! ह्या तर इंजिनाचा हँडल!”

आता त्या इंजिनाबद्दल सांगायला हवं. अधिक धान्य पिकवण्याच्या योजनेतून ते खारवळीला मिळालं होतं. ओढ्याकाठच्या शेडात बसून ते देऊळवाडी आणि बंदरवाडी या दोन्ही वाड्यांच्या वायंगणाला, म्हणजे उन्हाळी भाताला, पाणी द्यायचं. यंदा तर सगळ्यांचे डोळे त्या भाताकडे लागले होते. गेल्या भादव्यात लढाई झाली, पाऊसही अर्ध्यातच पळाला, आणि रेशनच्या दुकानात तांदळाऐवजी तांबडी मिलो ज्वारी येऊ लागली. तिची भाकरी थापताना मथुराची आई रुक्मिणी रोज म्हणे, “चैत्रात आपलो तांदूळ येतलो. तवसर चलवया.”

मथुराचे वडील गलबतावर होते. ते मलबारकडे गेले की महिनोन्‌महिने येत नसत. घरात आई, मथुरा आणि एक गाय. आणि पाटाच्या अगदी शेवटाला, समुद्राच्या पुळणीला लागून भाताचा एक कुणगा, म्हणजे एक छोटा वाफा. त्यांची जमीन तेवढीच.

आणि माघ सरता सरता इंजिन बंद पडलं होतं!

“माझे बाबा तर सांगतत, हँडल तुटला. जोडूक जामसंड्याक पाठवला,” आनंदी हळूच म्हणाली. तिचे वडील भाई हे बंदरवाडीचे मानकरी.

“आणि माझो आजो सांगता, नोझल फुटला,” लवू अस्वलाच्या तोंडाने म्हणाला. त्याचे आजोबा गुरुदासआबा हे देऊळवाडीचे मानकरी. “लढाईपासून परदेशी पार्ट येणत नाय, म्हणान इंजिन बंद.”

मथुराने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “इंजिन एक आणि बिघाड दोन? आणि एकाक दुसऱ्याचो बिघाड म्हाईतच नाय? चला शेडात!”

शेडाला नुसती कडी होती. आत क्रूड तेलाचा वास आणि कोळ्यांची जाळी. हरिश्चंद्राने तेलाच्या पिंपावर वरपासून खालपर्यंत टिचक्या मारल्या. वर पोकळ आवाज आला, मध्याच्या खाली तो एकदम बदलला.

“अर्धं पिंप भरलेलं आहे. म्हणजे तेल संपलेलं नाही.”

मथुरा इंजिनाच्या माथ्यावर वाकली. जिथून तेलाचा बारीक फवारा आत जातो ते नोझल जागेवर नव्हतं. भोकात काथ्याचा बोळा होता आणि नट मात्र सगळे जागच्या जागी. तिने एक नट बोटांनी फिरवला. तो फिरला!

“फुटलेलो पार्ट काढणारो नट परत घालीत बसात? ह्या कोणीतरी सांभाळून काढल्यान.”

लवूने एकदम कपाळावर हात मारून घेतला. हाताला कोळसा लागला. “मिठाची डोण! आमच्या माजघरातली! आजो कोणाक तिका हात लावूक देणा नाय. परवा आजयेन मीठ मागल्यान, तर सोता उठान मूठभर काढून दिल्यान. माझो आजो! जो पाण्याचो तांब्यो उचलणा नाय तो!”

मग सगळं उलगडलं. माघात इंजिनाची पूजा झाली तेव्हा देवाला गाऱ्हाणं, म्हणजे गावाच्या वतीने साकडं, कोणी घालायचं यावरून भाई आणि गुरुदासआबा यांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. त्यातच परमिटावर तेल थोडंच मिळालं. दुसरा ते आपल्याच वाडीला वापरून संपवील, अशी दोघांना धास्ती. म्हणून एकाने गुपचूप हँडल उचललं, दुसऱ्याने गुपचूप नोझल. आणि आता दुसरा आपल्याकडे मागायला येईल म्हणून दोघेही वाट बघत बसले होते!

“आत्ताच्या आत्ता जाऊन दोघांना विचारू,” हरिश्चंद्र म्हणाला.

“इचारलंव तर दोघे पण नाय म्हणतले,” मथुरा म्हणाली. “आणि दुसरीकडे लपवतले. तां आणि कोण शोधीत? माझ्याकडे एक युक्ती आसा. पण होळीपर्यंत थांबाचा लागतला.”

युक्ती ऐकून लवू अस्वलासारखाच नाचला. आनंदी मात्र घाबरली. “बाबा माका मारतले गो!”

“मारतले नाय. शिमग्यात रागवाचा नसता,” मथुरा म्हणाली.

घरी जाताना ती कुणग्यावरून गेली. आई बांधावर बसली होती. तिने एक दाणा नखाने चिमटून दाखवला. पांढरा थेंब आला, पण अगदी इवलासा. “दूध धरूची वेळ आसा. आता पाणी व्हया होता,” आई म्हणाली. जमिनीला भेगा पडल्या होत्या. मथुराला वाटलं, आईला सगळं सांगून टाकावं. पण आई थेट भाईंच्या दारात जाऊन उभी राहिली असती आणि युक्ती फसली असती. ती गप्प राहिली. पुढे कितीतरी दिवस तिला ते गप्प राहणं आठवत होतं.

होळी उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रोंबाट निघालं. ढोल वाजत होते, पोरं दारोदार “शबय! शबय!” ओरडत पोस्त, म्हणजे सणाची बक्षिशी, मागत होती. लवूच्या अस्वलाला बघून कुत्री पळत होती. शिमग्यापुरते दोन्ही वाड्यांचे मानकरी एकत्र फिरत. भाई आणि गुरुदासआबा शेजारी शेजारी चालत होते, पण एक समुद्राकडे बघत होता आणि एक डोंगराकडे.

रोंबाट गुरुदासआबांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, शिरलं. लवू आणि हरिश्चंद्र तडक माजघरात घुसले आणि मिठाची जाडजूड लाकडी डोण उचलून बाहेर आले.

“होळयेक लाकूड! होळयेक लाकूड!” सगळी पोरं ओरडली. खारवळीत होळी शिमगा संपेपर्यंत रोज पेटे, आणि तिच्यासाठी पोरांनी उचललेलं लाकूड परत मागायचं नाही, हा रिवाज होता.

“अरे मेल्यांनो! ती डोण नको! मीठ आसा तेच्यात!” आबा ओरडले.

“मीठ चटईर ओततंव, आबा. डोण तेवढी नेतंव,” पोरं म्हणाली.

“ओतू नको! मी काढतंय! सगळे भायर जावा!”

भाईंना आता भलताच चेव आला. “गुरुदासा, शिमग्यात लाकडाक नाय म्हणतस? मिठाक इतको जीव? ओता रे पोरांनो!”

पोरांनी डोण कलती केली. खडेमीठ सळसळत चटईवर पसरलं आणि शेवटी त्यातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी टपकन पडलं.

ढोल थांबले. मथुराने पुढे होऊन फडकं उचललं आणि त्याचं एक टोक उलगडलं.

“नोझल!” भाई गरजले. “बघा रे देऊळवाडीचो मानकरी! इंजिनाचो चोर!”

“बाबा,” मागून एक बारीक आवाज आला. आनंदी पुढे आली. तिच्या हातात हँडल होतं आणि त्याला अजून गवत चिकटलेलं होतं. “ह्या पण घेवा. आपल्या उडवीतला.”

 मग एक म्हातारी खुदकन हसली आणि सगळं खळं हसण्याने फुटलं! भाईंचा चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा झाला. आबा पंच्याने तोंड पुसू लागले. पोरं शिट्ट्या मारत होती.

मथुरा मात्र हसत नव्हती. तिने फडकं सोडलं होतं. आतलं नोझल तांबूस-काळं पडलं होतं. त्यातली सुई, जी सहज वरखाली व्हायला हवी, ती गच्च बसली होती. टोकाची केसाएवढी तीन भोकं दिसतच नव्हती.

“आबा, मिठात कित्याक ठेवलास?” तिने विचारलं.

हसणं विरत गेलं. गुरुदासआबा जवळ आले. “टिकाचा म्हणान ठेवलंय गो. मासो मिठात वरीसभर टिकता, कैरी टिकता... माका वाटला...”

“आबा, मासो टिकता,” हरिश्चंद्र म्हणाला. तो शुद्ध बोलायचंही विसरला होता. “लोखंडाक मीठ खाता. मीठ हवेतला पाणी ओढून घेता, आणि लोखंडार गंज चढता.”

भाईंनी ताबडतोब एक माणूस सायकलने तळेऱ्याच्या गॅरेजात पिटाळला. तो संध्याकाळी रिकामा परत आला. असलं नोझल लढाईपासून मिळत नाही, वाट बघा, असं गॅरेजवाल्याने सांगितलं होतं.

“मग हेकाच सोडवया,” मथुरा म्हणाली.

गंज लोखंडापेक्षा जास्त जागा अडवतो, म्हणून सुई अडकते, असं हरिश्चंद्राने पुस्तकात वाचलं होतं. रॉकेल अगदी बारीक फटीतही शिरतं, हे मथुराने घरच्या चिमणीच्या वातीत पाहिलं होतं. तिने रॉकेल मागितलं. रेशनचं रॉकेल कोणाकडेच फारसं नव्हतं, तरी दोन्ही वाड्यांतून ते आलं, कुठून वाटीभर, कुठून नुसतं बाटलीच्या बुडाला उरलेलं. नोझल त्यात बुडवून ठेवलं. मधूनमधून मथुरा ते काढी, लाकडी चापात धरून सुई हलके हलके फिरवून बघी. जोर लावायचा नाही, नाहीतर सुई मोडेल. भाई आणि आबा दोघेही पडवीत बसून तिच्या हातांकडे बघत राहत. एक दिवस तसाच गेला. पाटातली माती आणखी भेगाळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुई सुटली!

आनंदी घरून स्टोव्हची पिन घेऊन आली. त्या पिनेने पहिलं भोक मोकळं झालं, मग दुसरं. तिसरं काही केल्या होईना. तिथलं लोखंडच गंजून गेलं होतं.

“दोन भोकांवर चालेल?” भाईंनी विचारलं. ते आज प्रथमच हरिश्चंद्राशी शुद्ध बोलत होते.

“चालेल. पण लंगडत.”

इंजिन बसवणाऱ्या मिस्त्रीची नक्कल लवू वर्षानुवर्षं करत आला होता. आज तीच कामाला आली. “आधी लिव्हर वर! मग फिरवा! अजून जोरात! आता लिव्हर सोडा!” भाई आणि आबा, दोघांनी मिळून ते एकच हँडल फिरवलं. इंजिन खोकलं, गप्प झालं, पुन्हा खोकलं. मग काळा धूर सोडून धडधडू लागलं. गाऱ्हाणं कोणी घालायचं याची त्या दिवशी कोणालाच आठवण झाली नाही.

पाटात पाणी आलं! मथुरा त्या पाण्याच्या तोंडाबरोबर धावत सुटली. पहिले कुणगे भिजले. मधले भिजले. लोक टाळ्या वाजवत होते. पण लंगडं इंजिन अर्धंच पाणी उपसत होतं, आणि पुढची जमीन रेताड होती. काजूच्या कुंपणापाशी पाणी मंदावलं, मग वाळूत जिरलं. तिने हातांनी पाट उकरला, नखं फुटली, तरी ते पुढे सरकेना.

तिच्या कुणग्यात पाणी पोचलं ते त्यानंतर तीन दिवसांनी. तोवर भाताने वाट बघणं सोडून दिलं होतं. दाणे पोचट राहिले.

शिमग्याच्या शेवटच्या दिवशी देवळासमोर सगळं गाव जमलं. भाई गुरुदासआबांना म्हणाले, “तू घाल गाऱ्हाणा.” आबा म्हणाले, “नाय, तूच घाल.” लोक हसले. शेवटी भाईंनी हात जोडले.

“बा देवा म्हाराजा! आमी मोठे चुकलंव, आणि ह्या पोरांनी आमचे डोळे उघडले!”

“व्हय म्हाराजा!” गाव गरजलं.

“ह्या मथुराची, आनंदीची, लवूची, हरिश्चंद्राची बुद्धी अशीच ऱ्हवांदे!”

“व्हय म्हाराजा!”

चौघांच्या हातात नारळ दिले गेले. “काय व्हया तां माग, चेडवा,” आबा मथुराला म्हणाले.

ती उभी राहिली. “इंजिन दर आठवड्याक चालवचा. पाणी नको असला तरी चालवचा. सगळे पार्ट तेल लावून शेडातच ठेवचे. कोणाच्या घराक एक नट पण जाता नये.”

“कबूल!” भाई म्हणाले. मग त्यांनी रुक्मिणीकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. “रुक्मिणी, तुझ्या कुणग्याचा वाईट झाला. दोन्ही वाडये मिळान तुका वर्साचो तांदूळ देतले.”

“तांदूळ देवा, घेतंय मी,” रुक्मिणी म्हणाली. “घरात चेडू आसा, नाय कशी म्हणू? पण भाई, तो तुमचो तांदूळ. माझो माझ्या कुणग्यात होतो.”



दुपारी आई विळा घेऊन निघाली. मथुराही नारळ ठेवून तिच्यामागून गेली. दाणा भरला की लोंबी वाकते. त्यांच्या कुणग्यातल्या सगळ्या लोंब्या ताठ उभ्या होत्या, वाऱ्यावर सळसळत होत्या. दूरवरून इंजिनाची लंगडी धडधड ऐकू येत होती.

“आये, होळीपर्यंत थांबलंव नसतंव तर?”

आई कापता कापता थांबली. “माका ठाऊक नाय गो,” ती म्हणाली. तिने खोटं सांगून तिची समजूत घातली नाही. मग विळा पुन्हा चालू लागला. “गवत बरा आसा. गाय खायत.”

मथुराने कापलेलं भात गोळा केलं, त्याची मोठी पेंढी बांधली आणि ती उचलायला दोन्ही हात घातले. पेंढी एका हातात आली.