वेन्लाने डॉक्टरांना अडवलं

"ओ! त्या बुटांनी आत?"

ऑपरेशन थिएटरच्या लाल रेषेवर एक पाय उचललेलाच राहिला... बुटांवरून वितळत्या बर्फाचं पाणी टपकत होतं. औलू शहरातल्या त्या इस्पितळात नर्स वेन्लाचा आवाज एवढा चढलेला कुणी ऐकला नव्हता, खुद्द वेन्लानेही.

"मी यालमारी," तो ओशाळून म्हणाला. "विद्यापीठातून आलोय. थिएटरमधली माणसं चूक दिसली तर बोलतात का, ते मोजायला."

"मग लिहा — बोलतात!"

तो हसला. त्याच्या गालाला खळी पडली, आणि वेन्लाने उगाचच आपली टोपी सारखी केली.

तीन आठवडे तो वही घेऊन कोपऱ्यात उभा असे आणि कॉफीच्या सुट्टीत तिच्यासाठी वेलदोड्याचा गोड पाव राखून ठेवत असे.

"मला दटावलंस," एकदा तो म्हणाला. "डॉक्टर हर्कोनेनना थांबवशील?"

"माझी काय बिशाद!" ती हसली खरी, पण ते तिला लागलं. सात वर्षांत त्या बड्या सर्जनसमोर 'हो'पलीकडे तिने शब्द काढला नव्हता. यालमारीच्या प्रश्नावलीतला नेमका तोच प्रश्न तिने कोरा सोडला होता.

गुरुवारी एका बाईचं पोट शिवायची वेळ आली, आणि वेन्लाच्या मोजणीत रक्त टिपायचा एक गॉज कमी भरला. तिने पुन्हा मोजलं. कमीच.

"सुई," डॉक्टरांनी हात पुढे केला.

तिने सुई हातातच धरून ठेवली. कोपऱ्यात यालमारीचं पेन थबकलं; त्याला बोलायची मुभा नव्हती.

"डॉक्टर... एक गॉज कमी आहे."

"मी आत बघितलंय. तुझंच चुकलं असेल."

"दोनदा मोजलेत. सापडेपर्यंत मी सुई देणार नाही."

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला, पुन्हा आत चाचपलं... आणि रक्ताने माखलेला गॉज बाहेर आला.

"बरं झालं बोललीस," ते हळूच म्हणाले. "पुढच्या वेळी सरळ ओरड."

वेन्लाला आभाळ ठेंगणं झालं! टाके पडताच ती धावत बाहेर आली, तर यालमारी कोट चढवून उभा.

"या थिएटरचं काम मी सोडतोय. दुसरं कुणीतरी येईल मोजायला."

"का? आज तर आपण जिंकलो!"

"मोजणारा तटस्थ लागतो, वेन्ला. मी तर आज टाळ्याच वाजवणार होतो. आणि तीन आठवडे मी नुसता... तुझ्याकडेच बघतोय."

एरवी ती मान खाली घालून निघून गेली असती. आज तिला कुणाचंच भय उरलं नव्हतं.

"मग मला न्यायला ये," ती म्हणाली. "चारला सुटते. आणि तू मला आवडतोस — हेही आत्ताच ऐकून जा!"