डावा दिवा

बसा, पण दिव्याच्या अलीकडे बसा. पलीकडची जागा मोकळी राहू द्या. का, ते सांगतोच.

मी गर्शोम. पनवेलात पुण्याच्या रस्त्याला माझं छोटं गॅरेज आहे, मोटारींची बॅटरी, डायनमो, वायरिंग असलं काम करतो. आमचे आजोबा तेलाचा घाणा चालवायचे आणि शुक्रवारी सूर्य मावळला की बैल सोडून शनिवारभर घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव आम्हाला शनिवार तेली म्हणायचं. घाणा गेला, शब्बाथ, म्हणजे आम्हा यहुद्यांचा शनिवारचा विसावा, राहिला. शुक्रवारी सूर्यास्तानंतर मी दिवा लावत नाही आणि मालवतही नाही. म्हणून शेजारची भामाबाई त्या वेळी मागच्या दारानं गॅरेजात यायची. मी म्हणायचो, "भामाबाई, तेवढा दिवा मालवा," आणि ती कंदील मालवायची. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की मी तिच्याकडे वळून पाहतही नसे.

गेल्या दिवाळीनंतरचा एक शुक्रवार. ऊन उतरत होतं. मी हत्यारं आवरत होतो आणि काशिरामशेठची गाडी आत आली. लढाईच्या आधीची काळी मोटार. शेठची खाडीकडे मिठागरं होती. माणूस अंगानं रेड्यासारखा आणि डोक्याचा तापट. त्याच्या मिठागरावर काम करणारी मालू पावसाळ्याच्या तोंडाला बंधाऱ्यावर याच गाडीखाली सापडून मेली होती. दिवा बंद पडला होता, अंधारात बाई दिसली नाही, असं शेठनं पोलिसांना सांगितलं आणि प्रकरण तिथंच मिटलं.

"डावा दिवा बिघडलाय," तो म्हणाला.

"लागत नाही?"

"लागतो, तेच तर! बटण बंद असलं तरी लागतो. बंधाऱ्यावर आलो का पेटतोच. मना तो बंद करून पायजे. आजच."

मला हसू आलं. दिवा लागत नाही म्हणून रडणारी गिऱ्हाइकं रोज येतात. लागतो म्हणून घाबरलेला हा पहिलाच. पण तो हसला नाही. त्याच्या कपाळावर घाम होता.

वायर कुठंतरी घासून उघडी पडली असेल, असं वाटलं. फ्यूज काढला. बॅटरीची तारही सोडवली, म्हणजे आता गाडीत वीज नावाला नाही. मग दिव्याची कडी सैल केली. काच नवी कोरी होती, आतला पत्रा मात्र चेपलेला. काच हातात आली तसा आतून खाडीचा वास आला, कुजलेल्या चिखलाचा, आणि मूठभर ओलं मीठ माझ्या पायावर सांडलं.

आत बल्ब नव्हताच. होतं ते फुटलेलं बूड. आणि पत्र्याच्या फटीत हिरव्या काचेच्या बांगडीचा एक तुकडा रुतलेला.

बूड मी उजेडात धरलं. तारेच्या टोकांवर पांढरी-पिवळी राख बसली होती. थंड बल्ब फुटला तर अशी राख बसत नाही. जळता बल्ब फुटून आत हवा शिरली तरच बसते. आणि मी मूर्खासारखं तोंडातून बोलून गेलो.

"शेठ, हा फुटला तेव्हा जळत होता..."

त्यानं पुढचं दार लावून अडसर घातला आणि गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल उचललं. मला कळलं, हा आता मला जिवंत सोडत नाही.

पहिला घाव खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला माझ्याच कानात ऐकू आला. दुसरा गुडघ्यावर. मी भिंतीशी कोसळलो, तोंडात रक्ताची चव.

"तिच्या नवऱ्याला दोन फटके दिले, तर पोलिसांत जाते बोलली," तो हळू आवाजात म्हणाला, जसं काही मला समजावत होता. "रस्त्यात उभी राह्यली, हात पुढं करून. दिसत व्हती मना. चांगली दिसत व्हती..."

सूर्य मावळला होता. माझा कंदील गाडीमागे मिणमिणत होता. त्यानं हँडल दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं.

तेव्हा डावा दिवा लागला.

बल्ब नाही, बॅटरी नाही, आणि पांढराफटक उजेड माझ्या तोंडावर. शेठ दिव्याच्या आणि माझ्या मध्ये उभा. दिव्याच्या बाजूला, डोक्यावर पदर घेतलेली एक बाई. मागच्या दारानं आलेली. वेळ भामाबाईचीच. मरणाच्या दारात माणूस देवाचं नाव घेतो म्हणतात. माझ्या तोंडून सवयीनं निघालं,

"भामाबाई... तेवढा दिवा मालवा..."

दिवा गेला. कंदीलही गेला.

मग अंधारात आवाज आले. चाकं फिरल्याचा. शेठ एकदाच ओरडला, मग ओरडणं मध्येच चोंदलं. बरगड्या एकेक करून मोडत होत्या. घाई नव्हती. गरम काहीतरी माझ्या चेहऱ्यावर उडालं. मी डोळे मिटून आमची शेमाची प्रार्थना पुटपुटत राहिलो.

"गर्शोमभाव! आज अंधार का रं? मना उशीर झाला..."

भामाबाईचा आवाज. मागच्या दाराबाहेरून.

तिनं कंदील लावला आणि किंचाळली. गाडीनं शेठला माझ्या शेजारच्या भिंतीत चेपलं होतं. छाती सपाट झाली होती, उघड्या तोंडात ओठांपर्यंत मीठ ठासलेलं. हँडब्रेक ओढलेला होता तो तसाच. पोलिसांनी ब्रेक सुटला असं लिहिलं. मी काय बोलणार? त्या बाईनं माझा जीव वाचवला होता.

पुढच्या शुक्रवारी माझ्या बायकोनं, सिप्पोरानं, सूर्य मावळायच्या आत घरात शब्बाथचा दिवा लावला. वारा नव्हता. आमच्या डोळ्यांदेखत वात चिमटीत धरावी तशी दबली आणि विझली. वातीवर मीठ होतं. खाली बशीत हिरव्या बांगडीचा तुकडा. गाडीच्या दिव्यात सापडलेल्या तुकड्याला तो नेमका जुळला.

तेव्हापासून दर शुक्रवारी असंच होतं. मी तिला दिवा मालवायला सांगितलं, पुरे म्हणायचं राहून गेलं. आता म्हणतो, हात जोडून म्हणतो. ऐकत नाही. तुकडे मी लाखेनं जोडत गेलो. फेकायची छाती होत नाही. बांगडी पुरी व्हायला एकच तुकडा उरला आहे. परवा सिप्पोरानं ती मनगटाला लावून पाहिली. माझ्याच मापाची आहे, म्हणाली.

आज शुक्रवार. तुम्ही आलात ते बरं झालं, मला एकट्याला तिला आवरता आलं नसतं. बघा ना, मघापासून सिप्पोरा दिव्यापलीकडे हात पुढं करून उभी आहे. मी हाका मारतोय, वळूनसुद्धा बघत नाही.